खांद्यावरचे तारे, छातीवरचं नाव

महाराष्ट्र पोलीस दलात खांद्यावर तीन तारे लावणारे अधिकारी तीन प्रकारचे असतात. सहायक पोलीस निरीक्षकाला तीन तारे आणि लाल फीत. पोलीस निरीक्षकाला तीन तारे आणि अर्धी लाल, अर्धी निळी फीत. उपअधीक्षकाला किंवा सहायक पोलीस आयुक्ताला नुसते तीन तारे, फीत नाही. पहिला गुन्ह्यांचा तपास करतो, दुसरा अख्खं ठाणं सांभाळतो, तिसऱ्याच्या देखरेखीखाली अशी अनेक ठाणी असतात. पोलीस लाइनीत वाढलेली मुलं हा फरक रस्त्याच्या पलीकडून ओळखतात. बाकीच्या महाराष्ट्राला तो सहसा माहीत नसतो. आपण पोलीस जवळून बघतो ते बहुतेक वेळा टीव्हीवरच, आणि टीव्हीवरच्या साहेबाच्या खांद्यावर काय असावं हे पुष्कळदा ड्रेसवाल्याकडून आलेल्या शर्टावर आधीच काय लावलेलं होतं यावर ठरतं.

मालिका म्हणजे गोष्ट, तिच्यात फितीचा रंग कोण बघतो, असं कोणी म्हणेल. पण पोलिसाच्या अंगावरची प्रत्येक वस्तू नागरिकाला काही सांगण्यासाठी असते. हा माणूस कोण, त्याला किती अधिकार आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार करायची झाली तर ती कोणाच्या नावाने, हे सगळं त्या ताऱ्यांमध्ये, फितींमध्ये आणि पट्ट्यांमध्ये लिहिलेलं असतं. ही लिपी शाळेत शिकवत नाहीत. ती आपण पडद्यावरून शिकतो, आणि पडदा चुकला की आपणही चुकतो.

म्हणून पडद्यावरच्या पोलिसी सामानाचा खरेपणा तीन ठिकाणी तपासावा लागतो. वस्तू हुबेहूब आहे का? ती योग्य हुद्द्याच्या माणसाच्या अंगावर आहे का? आणि ती कायद्यात सांगितल्याप्रमाणे वापरली जाते का? दूरदर्शनच्या काळापासून आजपर्यंत आपल्या मालिका पहिल्या कसोटीवर खूप सुधारल्या आहेत, दुसऱ्या कसोटीवर अडखळत राहिल्या आहेत, आणि तिसरीकडे त्यांनी फारसं पाहिलेलंच नाही. माझ्या मते महत्त्वाचा क्रम याच्या बरोबर उलटा आहे.

खाकीची लिपी

आधी ही लिपी नीट वाचू. शिपायाच्या बाहीवर काही नसतं, हवालदाराच्या बाहीवर तीन फिती असतात. मधला पोलीस नाईक दोन फितींचा. हे नाईक पद राज्य सरकारने २०२२ मध्ये रद्द केलं, त्यामुळे आजच्या काळात घडणाऱ्या कथेत दोन फितींचा नाईक दाखवला तर तो चुकीच्या वर्षातला माणूस ठरतो. सहायक उपनिरीक्षकापासून खांद्यावर तारा येतो. त्याला एक, उपनिरीक्षकाला दोन, आणि सोबत लाल-निळी फीत. दलातली माणसं बढतीबद्दल बोलताना 'स्टार लागला' असंच म्हणतात, इतका तो तारा त्यांच्या आयुष्यात रुतलेला आहे. शिपाई म्हणून भरती झालेल्या माणसाला तो पहिला तारा लागेपर्यंत अर्धं आयुष्य गेलेलं असतं.

अधीक्षक आणि उपायुक्त यांच्या खांद्यावर राजमुद्रा येते, तिच्यासोबत तारा. उपमहानिरीक्षकाला राजमुद्रा आणि तीन तारे. महानिरीक्षकाला तलवार आणि दंडुका यांची फुली आणि एक तारा. त्याच्या वर, अपर महासंचालक आणि महासंचालक यांना फुलीवर राजमुद्रा. खांद्याच्या कडेला धातूची अक्षरं असतात, त्यांवरून अधिकारी भारतीय पोलीस सेवेतला की राज्य सेवेतला ते कळतं. शिपाई-हवालदारांचा बक्कल नंबर असतो. आणि सगळ्यांच्या छातीवर असते नावाची पट्टी.

या लिपीला जागेचंही व्याकरण आहे. मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे, नाशिक अशा शहरांत पोलीस आयुक्तालय असतं, तिथे सहायक आयुक्त, उपायुक्त, सहआयुक्त असे हुद्दे असतात. ग्रामीण जिल्ह्यात आयुक्त नसतोच, तिथे पोलीस अधीक्षक आणि त्याच्या हाताखाली उपअधीक्षक. खांद्यावरचे तारे सारखे असले तरी नाव जागेप्रमाणे बदलतं. मुंबईत ज्याला वरिष्ठ पोलीस निरीक्षक म्हणतात तो निरीक्षकाहून वेगळा हुद्दा नव्हे, ठाण्याच्या प्रमुखाची ती जागा आहे आणि त्याच्या खांद्यावर निरीक्षकाचीच चिन्हं असतात. मुंबईच्या वाहतूक पोलिसाचा शर्ट पांढरा आणि पँट खाकी. जुन्या मुंबईची कथा असेल तर शिपायाचा निळा गणवेश आणि पिवळी टोपी हवी, तिथे आजची खाकी चालत नाही.

या चिन्हांमागे इतिहासही आहे. २ जानेवारी १९६१ रोजी पंडित नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना त्यांचा ध्वज दिला, म्हणून राज्यात २ जानेवारीला पोलीस स्थापना दिन पाळतात. 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे दलाचं ब्रीद आहे. त्यात सज्जनांचं रक्षण आधी येतं आणि दुर्जनांना आवर घालणं नंतर. पडद्यावर मात्र बहुतेक वेळा दुसरा अर्धा भागच दिसतो.

दूरदर्शनपासून वेब मालिकांपर्यंत

भारतीय टीव्हीवर वर्दीचा अर्थ गंभीरपणे घेणारी सुरुवातीची मालिका म्हणजे १९८९ मध्ये दूरदर्शनवर आलेली 'उडान'. कविता चौधरी यांनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात कल्याणी सिंह ही भूमिका केली. त्यांच्या बहीण कांचन चौधरी भट्टाचार्य भारतीय पोलीस सेवेत होत्या आणि २००४ मध्ये उत्तराखंडच्या, म्हणजे देशातल्याच, पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. 'उडान'मधली वर्दी घरातून आलेली होती. ती मिळवायला काय लागतं आणि ती अंगावर आल्यावर भोवतालची माणसं कशी बदलतात, हे त्या मालिकेला आतून माहीत होतं. खरेपणाचा हा पहिला धडा: चांगला सल्लागार धातूच्या बिल्ल्यासोबत त्याचा भारही सांगतो.

मराठीत दूरदर्शनच्या काळात बी. पी. सिंह यांची 'एक शून्य शून्य' होती, पोलिसांच्या १०० या क्रमांकावरून नाव घेतलेली. शिवाजी साटम त्यात होते. त्याच जोडीची 'सीआयडी' २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झाली, २०१८ पर्यंत चालली आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये परतली. साटमांचा एसीपी प्रद्युम्न हा कित्येक घरांत खऱ्या पोलीस अधिकाऱ्यांपेक्षा जास्त ओळखीचा आहे. त्या भूमिकेबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच तिच्यातला घोटाळा सांगायला हवा.

'सीआयडी'तले अधिकारी साध्या कपड्यांत वावरतात, त्यामुळे तारे-फिती चुकण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र हुद्दा आणि संस्था यांचा मेळ बसत नाही. महाराष्ट्रातला गुन्हे अन्वेषण विभाग ही राज्याची यंत्रणा आहे, तिचं मुख्यालय पुण्यात आहे आणि तिथे उपअधीक्षक, अधीक्षक असे हुद्दे असतात. एसीपी म्हणजे सहायक आयुक्त हा आयुक्तालयातला हुद्दा. मुंबईतल्या खुनाचा तपास स्थानिक ठाणं करतं किंवा मुंबई पोलिसांची गुन्हे शाखा करते. 'सीआयडीचा एसीपी' हे नाव एका संस्थेचं आणि हुद्दा दुसरीचा, असं जोडकाम आहे. वीस वर्षं ऐकून ते इतकं अंगवळणी पडलं की लोकांना खरी रचनाच चुकीची वाटावी.

हा घोटाळा पुढेही वाहत आला. झी मराठीवर २०२० मध्ये आलेली 'देवमाणूस' खेड्यात घडते, तरी तिथे तपासाला येणारी अधिकारी 'एसीपी' दिव्या सिंग आहे. ग्रामीण जिल्ह्यात ती उपअधीक्षक असायला हवी होती. 'एसीपी' हा शब्द कानाला सरावाचा आणि भारदस्त वाटतो म्हणून तो निवडला गेला असणार, आणि तो सरावाचा झाला टीव्हीमुळेच. एका चुकीने पुढच्या चुकीचा रस्ता कसा सोपा होतो त्याचं हे उदाहरण.

नवीन वेब मालिकांनी पहिल्या दोन कसोट्यांवर मोठी मजल मारली. 'सेक्रेड गेम्स'मध्ये (२०१८) शीख निरीक्षक सरताज सिंग आणि त्याचा शिपाई काटेकर यांच्यातलं अंतर हुद्द्याचं आहे, आणि ते वर्दीतून, बसण्या-उठण्यातून, कोण गाडी चालवतो यातून दिसतं. जितेंद्र जोशी यांचा काटेकर मराठी प्रेक्षकाला घरचा वाटला, कारण त्याच्या अंगावरची खाकी वापरून मऊ झालेली होती. 'दिल्ली क्राइम' (२०१९) ही २०१२ च्या दिल्लीतल्या प्रकरणावर, त्या तपासातल्या अधिकाऱ्यांशी बोलून उभी राहिली. २०२० मध्ये तिला आंतरराष्ट्रीय एमी मिळालं. तिच्यातलं ठाणं खरं वाटतं ते विजेच्या थकलेल्या बिलामुळे, फायलींच्या गठ्ठ्यांमुळे आणि न झोपलेल्या माणसांमुळे. 'पाताल लोक'मध्ये हुद्दा हाच कथेचा कणा झाला. पहिल्या पर्वात हाथीराम चौधरीच्या हाताखाली असलेला अन्सारी दुसऱ्या पर्वात भारतीय पोलीस सेवेत जाऊन त्याचा वरिष्ठ होतो आणि हाथीराम निरीक्षकच राहतो. आता सॅल्यूट कोणी कोणाला करायचा, हा प्रश्न दोघांच्या खांद्यांवरून प्रेक्षकाला दिसतो. चिन्हं बरोबर असली तर संवादांचं कितीतरी काम ती करतात, हे लेखकांनी यातून शिकण्यासारखं आहे.

चुका कुठून येतात

दैनंदिन मालिकेतल्या चुकांकडे पाहताना सेटवरची परिस्थिती लक्षात घ्यायला हवी. रोज एक भाग प्रसारित होतो. पोलीस अधिकाऱ्याचं पात्र कथेत पुष्कळदा अचानक येतं, दोन दिवसांत नट ठरतो, ड्रेसवाल्याकडून त्याच्या मापाचा गणवेश येतो. मापाचा शर्ट मिळाला हेच मोठं असतं, त्यावरचे तारे कोणी मोजत नाही. प्रॉपर्टी सांभाळणाऱ्याकडे ठाण्याच्या देखाव्याचं ठरलेलं सामान असतं: टेबल, काठी, टोपी, फोन, भिंतीवर फोटो. शिपाई आणि निरीक्षक एकाच प्रकारची टोपी घालून उभे राहतात. वेब मालिकेच्या आठ-दहा भागांसाठी महिनोन्‌महिने मिळतात, अभ्यासाला पैसा असतो. म्हणजे चुकीचं मूळ पुष्कळदा निष्काळजीपणात नसून वेळेत असतं, आणि ड्रेसदादाला किंवा प्रॉपर्टीवाल्याला दोष देणं अन्यायाचं आहे. त्यांच्या हाती कोणी एक पानाचा हुद्द्यांचा तक्ता दिला तर ते काम चोख करतील.

काही चुका मात्र सवयीच्या आहेत. टोपी डोक्यावर नसताना ठोकलेला सॅल्यूट ही त्यांतली सर्वांत मोठी. शिस्तीप्रमाणे उघड्या डोक्याने सॅल्यूट करत नाहीत, सावधान उभं राहतात. महिला अधिकाऱ्याचे मोकळे केस ही दुसरी. वर्दीत केसांचा घट्ट अंबाडा असतो, आणि त्यामागे झटापटीत केस कोणाच्या हाती लागू नयेत हा साधा विचार आहे. तिसरी चूक वयाची. स्पर्धा परीक्षा पास झालेली नायिका पुढच्याच भागात खांद्यावर राजमुद्रा लावून गावात येते. प्रत्यक्षात भारतीय पोलीस सेवेतला तरुण अधिकारी हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीतून बाहेर पडून आधी सहायक अधीक्षक होतो आणि तारेच लावतो, राजमुद्रेपर्यंत पोचायला त्याला काही वर्षं लागतात. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून निवडला गेलेला उपनिरीक्षक नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत घाम गाळतो आणि दोन ताऱ्यांनी सुरुवात करतो. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये हेच स्वप्न घेऊन बसलेल्या हजारो मुलामुलींशी तरी मालिकांनी या बाबतीत खरं बोलावं.

आणि मग काठी. पडद्यावर ती मुजोर शिपायाच्या हातात फिरवण्याची वस्तू झाली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात तीच काठी होती. समोर एके-४७ होती, त्यांनी ती बंदूक हातांनी धरून ठेवली आणि दहशतवादी कसाब जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. त्या रात्री पोलिसाच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, हे प्रत्येक पोलीस मालिकेच्या प्रॉपर्टीच्या यादीत वर लिहिलेलं असायला हवं. नायकाच्या कमरेला चकचकीत पिस्तूल देणं सोपं आहे. एक तारा आणि एक काठी घेतलेल्या माणसाचं खरं चित्र उभं करणं अवघड आहे, आणि आपल्या दलाचं सत्य बरंचसं तिथे आहे.

बिल्ला खरा, चित्र अपुरं

बिनचूक सामानाने सगळं साधतं असंही नाही, हे अमेरिकेच्या अनुभवातून कळतं. १९५१ मध्ये टीव्हीवर आलेल्या 'ड्रॅगनेट'ने लॉस एंजेलिस पोलिसांच्या सहकार्याने काम केलं. निर्माता आणि नायक जॅक वेब कार्यपद्धतीबद्दल कमालीचा काटेकोर होता. नायकाचा ७१४ क्रमांकाचा बिल्ला इतका प्रसिद्ध झाला की १९८२ मध्ये वेब वारल्यावर त्या शहराच्या पोलीस दलाने तो क्रमांक सन्मानाने निवृत्त केला. काल्पनिक सार्जंटचा बिल्ला खऱ्या दलाच्या इतिहासात गेला.

पण सहकार्याची किंमत होती. संहिता दलाच्या नजरेखालून जायच्या, त्यामुळे शिस्तबद्ध, थंड डोक्याचा, न चुकणारा पोलीस एवढंच चित्र घराघरांत पोचलं. विल्यम पार्कर १९५० पासून त्या दलाचे प्रमुख होते, आणि त्यांच्याच कारकिर्दीत १९६५ मध्ये वॉट्स भागातल्या कृष्णवर्णीय वस्तीचा पोलिसांविरुद्धचा राग रस्त्यावर उसळला. त्या वस्तीला माहीत असलेला पोलीस 'ड्रॅगनेट'मध्ये कधी आला नव्हता. बिल्ल्यावरची नक्षी बिनचूक होती म्हणून प्रेक्षकांनी बाकीच्या चित्रावरही विश्वास ठेवला. वस्तूचा खरेपणा हा असा प्रेक्षकाच्या विश्वासावर दावा सांगतो. तो दावा करणाऱ्याने बाकीचं सत्यही सांभाळलं पाहिजे.

ब्रिटनचा अनुभव दुसऱ्या बाजूचा. 'द बिल' ही लंडनच्या काल्पनिक सन हिल ठाण्यावरची मालिका १९८४ पासून २०१० पर्यंत चालली. ती बंद झाली तेव्हा तिचे गणवेश, टोप्या आणि चिलखती जाकिटं असं सुमारे ४०० किलो सामान लंडनच्या पोलिसांनीच विकत घेतलं, कारण ते गुन्हेगारांच्या हाती पडलं असतं तर कोणालाही खरंच वाटलं असतं. हुबेहूब वर्दी सेटवर कला असते, सेटच्या फाटकाबाहेर तीच हत्यार होऊ शकते.

खोट्या वर्दीचे बळी

या धोक्याची आपली आठवणही जुनी आहे. १९ मार्च १९८७ रोजी मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या प्रसिद्ध जवाहिऱ्याच्या पेढीवर सीबीआयचा छापा पडला. छाप्याचा म्होरक्या तोतया होता. त्याने वर्तमानपत्रात नोकरीची जाहिरात दिली होती, आलिशान हॉटेलात मुलाखती घेतल्या होत्या आणि निवडलेल्या तरुणांना ओळखपत्रं दिली होती. आपण खरोखरच सरकारी अधिकारी झालो, असं त्या तरुणांनाही वाटत होतं. दागिने 'जप्त' करून तो माणूस निघून गेला. २०१३ चा 'स्पेशल २६' हा चित्रपट याच घटनेवरून सुचला. त्या दिवशी दुकानातल्या कोणीही ओळखपत्रावरचं नाव तपासलं नाही. आवाज, कपडे आणि चालणं सरकारी होतं, तेवढं पुरलं.

आज हाच खेळ मोबाइलच्या पडद्यावर चालतो. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसतो, मागे ठाण्यासारखी सजवलेली खोली, भिंतीवर बोधचिन्ह. 'तुम्हाला डिजिटल अटक केली आहे' असं सांगून तो आयुष्यभराची पुंजी काढून घेतो. २०२४ मध्ये पंजाबातल्या एका ज्येष्ठ उद्योगपतींना अशाच टोळीने खोटी सर्वोच्च न्यायालयाची सुनावणी दाखवून ७ कोटी रुपयांना फसवलं. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांना देशाला सांगावं लागलं की डिजिटल अटक अशी कोणतीही गोष्ट कायद्यात नाही. हे भामटे जे उभं करतात तो मालिकेचाच सेट असतो: तेच टेबल, तीच खुर्ची, तोच दमदाटीचा सूर. निवृत्तीचे पैसे जपून ठेवलेल्या एखाद्या आजोबांना तो खरा वाटतो, कारण त्यांनी ठाणं आयुष्यभर तसंच पाहिलेलं असतं.

कायदा या बाबतीत समंजस आहे. सरकारी नोकराचा पोशाख किंवा चिन्ह फसवण्याच्या हेतूने वापरणं हा १८६० च्या दंड संहितेच्या कलम १७१ प्रमाणे गुन्हा होता: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम २०५ मध्ये आला आणि दंडाची मर्यादा ५,००० रुपये झाली. सरकारी नोकराची बतावणी करून काही कृत्य करणाऱ्याला कलम २०४ प्रमाणे किमान सहा महिन्यांची कैद आहे. कलम २०५ मध्ये लोकांना आपण खरे वाटावं हा हेतू लागतो, त्यामुळे नट सुरक्षित आहे. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्धचा २००५ चा कायदाही सरकारशी संबंध असल्याचा खोटा समज होण्यावरच बोट ठेवतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यात तर पोलिसी बिल्ल्याबद्दल नाटक, चित्रपट आणि टीव्ही यांना नाव घेऊन मोकळीक दिली आहे. कलावंताला अचूक राहायला कायद्याची आडकाठी नाही. निर्मात्याने एवढंच सांभाळायचं की वर्दी मोजून घ्यावी आणि मोजून परत करावी.

नावाची पट्टी

आता तिसरी कसोटी, वापराची. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी अटकेबाबत अकरा निर्देश दिले. त्यांतला पहिलाच असा की अटक आणि चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर अचूक आणि स्पष्ट दिसणारी ओळख, हुद्द्यासह नावाची पट्टी असली पाहिजे. हाच नियम पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१ब मध्ये आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. अटकेचा पंचनामा करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष घ्यायची, अटक झालेल्याची सही घ्यायची, हेही त्याच कलमात. कोठडीतल्या मृत्यूंचा विचार करताना देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सगळ्यात आधी छातीवरची ती छोटी पट्टी आठवली. निनावी हात मोकाट होतो आणि नाव लिहिलेला हात विचार करतो, हे न्यायालयाने ओळखलं होतं.

पोलिसाच्या अंगावरच्या सगळ्या सामानात मालिकेत सर्वाधिक हेळसांड होते ती याच वस्तूची. कधी पट्टी नसतेच. कधी असते पण कोरी असते, किंवा आधीच्या मालिकेतल्या साहेबाचं नाव तसंच घेऊन येते. कॅमेरा ताऱ्यांवरून, पिस्तुलावरून, गॉगलवरून फिरतो, नावावर थांबत नाही. अटकेच्या दृश्यात घरची बाई 'साहेब, तुमचं नाव काय, कोणत्या ठाण्यातून आलात?' असं विचारताना मी क्वचितच पाहिली आहे, आणि विचारलं तर ती उद्धट ठरते.

बेडीचंही तसंच. मालिकेत अटक म्हणजे बेडी, आणि बेडी म्हणजे गावासमोरून धिंड. प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलं होतं की बेडी हा अपवाद आहे, कारण असल्याशिवाय ती घालता येत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ ने खून, बलात्कार, दहशतवाद, संघटित गुन्हेगारी, सराईत गुन्हेगार अशा ठरावीक बाबतींत ती वापरण्याची मुभा दिली. यादी लांबली असली तरी ती यादीच आहे. उधारीच्या भांडणात पकडलेल्या शेतकऱ्याच्या हातात बेडी दाखवणारी मालिका प्रेक्षकाला त्याचा हक्क विसरायला लावते. बेडी खरी पोलादी होती का, हा प्रश्न त्यापुढे फार लहान आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी 'सिंघम'सारख्या चित्रपटांमधल्या झटपट न्यायाच्या नायकाबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली. मला ती चिंता सामानाच्या प्रश्नाशी थेट जोडलेली दिसते. ज्या नायकाची छाती भरदार आहे पण तिच्यावरची नावाची पट्टी कथेला कधीच लागत नाही, त्याला कोणापुढे उत्तर द्यावं लागत नाही. पडद्यावर हे रोमांचक असेल. ठाण्याच्या बाकावर रात्र काढणाऱ्या माणसाला विचारा, त्याला कोणता पोलीस हवा आहे.

करता येण्यासारखं

यावर उपाय महाग नाहीत. प्रत्येक वाहिनीने हुद्द्यांचा, चिन्हांचा आणि आयुक्तालय-जिल्हा फरकाचा एक तक्ता करून वेशभूषा विभागाला द्यावा. ज्या मालिकेत पोलीस पात्र चार भागांहून जास्त टिकणार आहे, तिथे निवृत्त हवालदार किंवा फौजदार सल्ल्याला घ्यावा. निवृत्त आयुक्तांपेक्षा हवालदाराला सांगण्यासारखं जास्त असतं, कारण वर्दी इस्त्री करून, फाटलेली शिवून तीस वर्षं त्याने वापरलेली असते. मात्र हा सल्ला वस्तू आणि पद्धतीपुरता असावा. कथेत पोलीस चांगला की वाईट हे त्याने ठरवू नये, दलाने तर नाहीच. 'ड्रॅगनेट'ची चूक आपण पुन्हा करण्याची गरज नाही. आणि लेखकांनी हुद्दा निवडताना तो कानाला कसा वाटतो एवढंच न बघता त्या माणसाला त्या गावात काय करता येतं ते आधी बघावं. कथेतले अडथळे तिथूनच मिळतात. उपनिरीक्षकाला जे परस्पर करता येत नाही, त्यात नाट्य आहे.

नव्या पोलीस मालिकेचा पहिला भाग लिहायला बसलेल्या लेखकाकडे माझं एकच मागणं आहे. रात्री अकराला दारावर थाप पडते. घरातली आई दार उघडते. समोर वर्दी उभी आहे. आई घाबरलेली आहे, तरी तिची नजर आधी त्या माणसाच्या छातीवर जाते, ती पट्टीवरचं नाव मोठ्याने वाचते, खांद्यावरचे दोन तारे बघते आणि मग म्हणते, 'बोला, फौजदारसाहेब.' समोरचा खरा असेल तर त्याला यात अपमान वाटणार नाही, तो कशासाठी आला ते सांगेल. हे दृश्य दहा सेकंदांचं आहे आणि त्याला लागणारी पट्टी काही रुपयांची. पण ते पुरेशा घरांत पुरेशा वेळा दिसलं, तर पुढच्या वेळी मोबाइलवर कोणी खोटा साहेब गुरकावेल तेव्हा त्याला पहिला प्रश्न नावाचा विचारला जाईल.